सही आपली, किल्ली कोणाकडे?

(जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या बचत गटांच्या कार्यकर्त्या, ग्रामपंचायत सदस्या आणि सरपंच भगिनी यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर.)

बायकांच्या शिबिरात कॉम्प्युटरच्या सुरक्षिततेवर भाषण कशाला, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल तर तो रास्त आहे. मारझोड, दारू, रेशन, हिरड्याचा भाव, वनहक्काचे दावे हे सगळे विषय समोर असताना हा विषय आपण का घ्यायचा? माझे उत्तर असे की या सगळ्या विषयांत शेवटी एक गोष्ट येतेच, आणि ती म्हणजे सही.

आपल्या चळवळीने ज्या गोष्टींसाठी भांडण केले, त्यांतल्या कितीतरी सहीपाशी येऊन थांबतात. घर आणि जमीन बाईच्या नावावर हवी हे आपण का म्हणत आलो? तिच्या सहीशिवाय ती विकली जाऊ नये म्हणून. २००६ च्या वनहक्क कायद्यात विवाहित दावेदाराचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायची तरतूद आहे, तिचे महत्त्व तेच. १९९३ साली ७३वी घटनादुरुस्ती अमलात आली, ग्रामपंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या. २०११ साली महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. तेव्हा गावोगाव एकच वाक्य ऐकू येत होते, ‘तू फक्त सही कर, बाकीचे आम्ही बघतो.’ त्या वाक्याविरुद्ध आपण शिबिरे घेतली. वाचल्याशिवाय सही करायची नाही, कोऱ्या कागदावर तर नाहीच नाही, हे आपण एकमेकींना शिकवले.

आता ती सही कागदावरून उठली आहे. ती ओटीपीत आहे, पिनमध्ये आहे, यंत्रावरच्या अंगठ्यात आहे, आणि सरपंच बाईच्या बाबतीत ती पेनड्राइव्हसारख्या दिसणाऱ्या एका डोंगलमध्ये आहे. ‘तू फक्त सही कर’ म्हणायचीसुद्धा आता गरज उरलेली नाही. बाई घरी भाकरी थापत असते आणि तिची सही तालुक्याच्या गावी होऊन जाते.

ही नवी सही परक्याच्या हाती जाण्याचे रस्ते पुष्कळ आहेत. मी आज दोनच घेते, कारण त्या दोन्ही ठिकाणी आपण स्वतःच ‘हो’ म्हणतो. पहिला रस्ता म्हणजे अनोळखी प्रोग्रॅम चालवणे. दुसरा म्हणजे आपल्या कॉम्प्युटरला ‘या परक्या माणसाच्या शिक्क्यावर विश्वास ठेव’ असे सांगणे. या दुसऱ्याला रूट सर्टिफिकेट म्हणतात.

पहिल्यापासून सुरुवात करू. कॉम्प्युटरमध्ये दोन प्रकारच्या फाइली असतात, असे समजा. एक कागद आणि दुसरा माणूस. पत्र, फोटो, यादी हे कागद. कागद पडून राहतो, आपण तो वाचतो. प्रोग्रॅम मात्र घरात घेतलेल्या माणसासारखा असतो. तो उठतो, फिरतो, कपाट उघडतो, आणि साधारणपणे ज्या ज्या गोष्टी आपण त्या कॉम्प्युटरवर करू शकतो, त्या सगळ्या तो करू शकतो. विंडोजमध्ये अशा फाइलीच्या नावाच्या शेवटी बहुधा डॉट ईएक्सई असते. अँड्रॉइड फोनमध्ये डॉट एपीके असते. लबाडी अशी की विंडोजमध्ये नावाचे हे शेपूट मुळातच झाकलेले असते. ‘लाभार्थी यादी डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ अशी फाइल असेल तर आपल्याला ‘लाभार्थी यादी डॉट पीडीएफ’ एवढेच दिसते, वर चित्रही कागदाचेच. दिसतो कागद, आत असतो माणूस.

आपल्या भागात हा माणूस घरात कसा येतो? पश्चिमेकडच्या आदिवासी पट्ट्यात नेटवर्क धड मिळत नाही. आहुपे, भीमाशंकरच्या बाजूची बाई घोडेगावला उतरते, पेनड्राइव्ह घेऊन केंद्रावर जाते, तिथल्या कॉम्प्युटरला लावते, प्रिंट काढते. पूर्वेकडे मंचर, नारायणगाव, ओतूरला तेच, फक्त एसटीचे भाडे कमी. त्या एका कॉम्प्युटरला दिवसभरात कितीतरी जणांचे पेनड्राइव्ह लागून गेलेले असतात. घरी येऊन पाहावे तर आपल्या फोल्डरच्या जागी फोल्डरसारख्याच दिसणाऱ्या बाण काढलेल्या खुणा. त्यावर क्लिक केले की फोल्डर उघडतो आणि त्याच्याबरोबर एक प्रोग्रॅमही गुपचूप चालू होतो. यात तुमचे काही चुकलेले नसते. फोल्डर उघडायचा म्हणून तुम्ही क्लिक केलेत, इतकेच.

दुसरा मार्ग म्हणजे फुकटात मिळालेले महागडे सॉफ्टवेअर. संस्थेकडे पैसे नसतात. कोणीतरी ओळखीचा मुलगा येतो, विंडोज टाकून देतो, मराठी फाँट टाकून देतो आणि म्हणतो, ‘ताई, अँटिव्हायरस बंद ठेवा, नाहीतर हे चालणार नाही.’ मैत्रिणींनो, राखणदाराला बाहेर काढल्याशिवाय जो आत यायला तयार नाही, त्याला आपण काय म्हणू?

तिसरा मार्ग फोनचा. लग्नाची पत्रिका, वाहनाचे चलन, बँकेची केवायसी, सरकारी योजनेचा अर्ज अशा नावांनी व्हॉट्सॲपवर एपीके येतात. लग्नाच्या पत्रिकेच्या नावाने येणाऱ्या फाइलींबद्दल २०२४ साली देशात पोलिसांनी जाहीर इशारे दिले. असे ॲप उघडले की ते एसएमएस वाचायची परवानगी मागते. ती दिली की बँकेचा ओटीपी आपल्याआधी त्याला कळतो. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, दरमहा १,५०० रुपये थेट खात्यात येऊ लागले, आणि २०२५ मध्ये तिची ई-केवायसी निघाली. लाखो बायकांची खाती, आधार आणि फोन एकमेकांना जोडले गेले. पैसा बाईच्या नावावर आला ही चांगलीच गोष्ट झाली. पण जिथे बाईचा पैसा असतो तिथे तिला ‘मदत’ करायला निघालेलेही असतात.

आता आपल्या पुणे जिल्ह्याशी जोडलेले एक प्रकरण सांगते. त्यात पैशाचा प्रश्न नव्हता, माणसांच्या तुरुंगात जाण्याचा होता.

१ जानेवारी २०१८ रोजी शिरूर तालुक्यातल्या भीमा कोरेगाव येथे हिंसाचार झाला. आदल्या दिवशी पुण्यात शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली होती. त्या परिषदेबद्दल पुण्यात दाखल झालेल्या गुन्ह्याच्या तपासात पोलिसांनी १७ एप्रिल २०१८ रोजी दिल्लीत रोना विल्सन यांच्या घरी झडती घेऊन त्यांचा लॅपटॉप जप्त केला. त्यातल्या पत्रांच्या आधारे गंभीर आरोप झाले. ६ जून २०१८ रोजी पाच जणांना अटक झाली. त्यांत नागपूर विद्यापीठातल्या इंग्रजीच्या प्राध्यापक आणि स्त्री चळवळीतल्या कार्यकर्त्या शोमा सेन होत्या. पुढे कामगारांच्या वकील सुधा भारद्वाज यांनाही अटक झाली.

२०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेचा अहवाल बाहेर आला. बचाव पक्षाच्या विनंतीवरून तिने त्या लॅपटॉपची प्रत तपासली होती. अहवालाचे म्हणणे असे की १३ जून २०१६ रोजी विल्सन यांना वरवरा राव यांच्या ईमेल खात्यावरून एक फाइल आली. उघडल्यावर समोर साधा कागद दिसला. मागे मात्र नेटवायर नावाचा प्रोग्रॅम बसला, ज्याने दूर बसलेल्या कोणाला तरी तो लॅपटॉप चालवता येऊ लागला. हे २२ महिने चालले. त्या काळात एका लपवलेल्या फोल्डरमध्ये पत्रे आणून ठेवली गेली, आणि विल्सन यांनी ती कधी उघडल्याची एकही खूण सापडली नाही. पुढच्या अहवालांत सुरेंद्र गडलिंग आणि फादर स्टॅन स्वामी यांच्या कॉम्प्युटरबद्दलही असेच निष्कर्ष आले. स्टॅन स्वामींबद्दलचा अहवाल डिसेंबर २०२२ चा. ते ५ जुलै २०२१ रोजी कोठडीत असतानाच वारले होते.

राष्ट्रीय तपास यंत्रणेने, म्हणजे एनआयएने, हे अहवाल मान्य केलेले नाहीत. ते आरोपपत्राचा भाग नाहीत, म्हणून विचारात घेऊ नयेत, अशी भूमिका तिने उच्च न्यायालयात घेतली. त्या पुराव्याचे खरे-खोटे ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे. पण मधल्या काळात काय झाले ते पाहा. सुधा भारद्वाज डिसेंबर २०२१ मध्ये बाहेर आल्या. शोमा सेन यांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला ५ एप्रिल २०२४ उजाडला. रोना विल्सन यांना मुंबई उच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२५ रोजी जामीन दिला. इतकी वर्षे गेली.

यातून आपण काय घ्यायचे? पहिली गोष्ट, फाइल ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून आली होती. ‘अनोळखी माणसाची फाइल उघडू नका’ हा सल्ला म्हणूनच अपुरा आहे. फाइल अनोळखी असली तर माणूस ओळखीचा असूनही भागत नाही, कारण त्याचे खातेच दुसऱ्याच्या हाती गेलेले असू शकते. दुसरी गोष्ट, नेटवायर हा काही मोठ्या सरकारी तिजोरीतला प्रोग्रॅम नव्हता. तो इंटरनेटवर उघड विकत मिळायचा. त्याचे विक्रीचे संकेतस्थळ मार्च २०२३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणेने जप्त केले. अशा गोष्टीला फारसे पैसे लागत नाहीत. तिसरी गोष्ट, कॉम्प्युटरमधून वस्तू चोरता येते तशी ती आत ठेवताही येते. घरात चोरी झाली तर निदान कळते. घरात कोणी काही ठेवून गेले तर झडती होईपर्यंत कळत नाही. २०१९ साली भारतातल्या नऊ मानवी हक्क कार्यकर्त्यांवर आणि वकिलांवर, स्त्रियांवरही, असेच ईमेल सोडले गेले, असे सिटिझन लॅब आणि ॲम्नेस्टी या संस्थांनी जून २०२० मध्ये दाखवून दिले. कोर्टाच्या समन्ससारखे दिसणारे ईमेलही त्यांत होते. समन्स आले म्हटल्यावर कोण उघडणार नाही?

‘आमच्याकडे लपवण्यासारखे काय आहे?’ असे आपल्यातल्या बऱ्याच जणी म्हणतात. तुमच्या केंद्राच्या कॉम्प्युटरमध्ये काय आहे ते आठवा. मार खाऊन आलेल्या बायकांचे अर्ज आहेत. त्या सध्या कोणाकडे राहतात ते पत्ते आहेत. बलात्काराच्या तक्रारीतल्या मुलीचे नाव आहे, जे उघड करणे कायद्यानेच गुन्हा आहे. ही गुपिते आपली नाहीतच. विश्वासाने आपल्याकडे ठेवलेली ती दुसऱ्या बाईची गुपिते आहेत. ती उघडी पडू द्यायचा हक्क आपल्याला नाही.

हाच प्रश्न घराच्या आतही आहे. नवरा किंवा दीर बाईचा फोन दहा मिनिटे हातात घेतो आणि त्यात पाळत ठेवणारे ॲप टाकतो. मग ती कोठे गेली, कोणाशी बोलली, संघटनेच्या ताईंना काय लिहिले, सगळे त्याला कळते. अशी बाई आपल्याकडे आली आणि म्हणाली, ‘मी न सांगता त्यांना सगळे कसे कळते?’ तर तिला संशयी ठरवू नका. आणि घाईने ते ॲप काढूनही टाकू नका. काढले की त्याला कळते, आणि मार वाढतो. आधी तिच्याशी दुसऱ्या, सुरक्षित फोनवरून बोला. ती राहणार कोठे हे ठरवा. संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचे असेल तर तो फोन पुरावा आहे. तो पुसून कोरा करू नका.

आता दुसऱ्या रस्त्याकडे येऊ. रूट सर्टिफिकेट हे नाव अवघड आहे, पण गोष्ट आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे.

मुलीच्या प्रवेशासाठी तुम्ही उत्पन्नाचा दाखला कॉलेजात देता. कारकून तहसीलदारांचा शिक्का बघतो आणि दाखला ठेवून घेतो. तो तहसील कचेरीत फोन करून विचारत नाही. शिक्क्यावर विश्वास ठेवायचा हे आधीच ठरलेले आहे. कॉम्प्युटरमध्येही असेच चालते. आपण बँकेचे किंवा ईमेलचे पान उघडतो तेव्हा ते पान आपला दाखला पुढे करते. तो दाखला देणाऱ्याला त्याच्या वरच्याने अधिकार दिलेला असतो, आणि सगळ्यात वर जो असतो तो रूट. मान्य असलेल्या अशा वरिष्ठांची यादी कॉम्प्युटरमध्ये आणि फोनमध्ये आधीच भरून येते. त्या यादीतल्या कोणाचाही शिक्का जुळला की पान बिनातक्रार उघडते आणि ‘हा संवाद सुरक्षित आहे’ असे आपल्याला सांगितले जाते.

आता समजा, कोणी त्या कारकुनाला सांगितले की उद्यापासून कोपऱ्यावरच्या अमक्या दुकानदाराचा शिक्काही तहसीलदारांच्या शिक्क्याइतकाच खरा मानायचा. त्या दिवसापासून तो दुकानदार कोणाच्याही नावाचा कोणताही दाखला देऊ शकतो. बाहेरचे नवे रूट सर्टिफिकेट कॉम्प्युटरमध्ये बसवणे म्हणजे हेच. ज्याच्या हातात त्या रूटची किल्ली आहे, तो बँकेच्या नावाचा दाखला बनवू शकतो आणि ईमेलच्या नावाचाही. त्या ठिकाणच्या वायफायवर किंवा नेटच्या लाइनवर तो मध्ये बसला की तुमचे पत्र तो फोडतो, वाचतो, हवे तर बदलतो, आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवतो. पडद्यावर काही वेगळे दिसत नाही.

हे होऊ शकते याचे पुरावे आहेत. २०१४ च्या सुमारास लेनोवो कंपनीच्या काही लॅपटॉपमध्ये सुपरफिश नावाचा जाहिरातींचा प्रोग्रॅम कारखान्यातूनच घातलेला होता, त्याबरोबर त्याचे रूटही. सगळ्या लॅपटॉपमध्ये त्याची किल्ली एकच होती, आणि २०१५ च्या फेब्रुवारीत एका तज्ज्ञाने ती शोधून काढली. म्हणजे ती कोणालाही वापरता आली असती. २०१९ च्या जुलैमध्ये कझाकस्तानच्या सरकारने लोकांना ‘राष्ट्रीय सुरक्षा सर्टिफिकेट’ आपापल्या फोनमध्ये बसवायला सांगितले. पुढच्याच महिन्यात गूगल, मोझिला आणि ॲपल यांनी आपल्या ब्राउझरमध्ये ते नाकारले.

आणि आपल्या देशातले उदाहरण. २०१४ च्या जुलैमध्ये असे उघडकीस आले की राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी, हिच्या अधिकारातून गूगल आणि याहू यांच्या नावांचे खोटे दाखले निघाले आहेत. एनआयसीची दाखला देण्याची यंत्रणाच कोणीतरी भेदली होती. निदान चार खोटे दाखले निघाल्याचे केंद्र सरकारच्या प्रमाणन नियंत्रकांच्या कार्यालयाने मान्य केले आणि एनआयसीचा तो अधिकार ३ जुलैला काढून घेतला. त्या कार्यालयाचे रूट विंडोजच्या मान्य यादीत होते, म्हणून विंडोजवरच्या काही ब्राउझरना ते खोटे दाखले खरे वाटले असते. फायरफॉक्सची यादी स्वतंत्र, तिच्यात ते रूट नव्हते, म्हणून तो वाचला. सरकारी कार्यालयाच्या हातूनही हे घडते. मग गल्लीतल्या कोणाच्या रूटला आपण डोळे झाकून ‘हो’ म्हणावे का?

पण घाबरून सगळेच नाकारायचे, असेही मी सांगत नाही. डोंगलने सही करायची तर त्याचा प्रोग्रॅम टाकावा लागतो, सरकारी रूटही कधी कधी बसवावे लागते. सही करणारे काही प्रोग्रॅम ब्राउझरशी बोलण्यासाठी स्वतःचे सर्टिफिकेट बसवतात. काही अँटिव्हायरसही असे करतात. ई-आधारच्या पीडीएफवर प्रश्नचिन्ह दिसते, ते जाऊन हिरवी खूण यावी म्हणून केंद्रावरचा मुलगा ‘विश्वासूंच्या यादीत घाला’ असे बटण दाबतो. तो विश्वास त्या पीडीएफ वाचणाऱ्या प्रोग्रॅमपुरता असतो, सबंध कॉम्प्युटरला लागू होत नाही. तरीही ते बटण दाबण्याआधी कोणाचे नाव आहे ते वाचायचे असते. वाचतो कोण? आपण सगळ्याजणी ‘ओके, ओके, नेक्स्ट’ करत पुढे जातो. हे अंगठा उठवण्यापेक्षा वेगळे नाही.

म्हणून विचारायचे ते इतकेच: हे कोठून आले? अधिकृत संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करून तिथून उतरवले, की कोणाच्या पेनड्राइव्हवरून, व्हॉट्सॲप ग्रुपवरून घेतले? नाव तेच असले तरी वस्तू तीच असेल असे नाही.

आता सरपंच भगिनींशी थोडे वेगळे बोलायचे आहे. वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराजवरून निघतो तो दोन डिजिटल सह्यांनी. एक ग्रामपंचायत अधिकाऱ्याची, ज्यांना आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो, आणि दुसरी सरपंचाची. दोन सह्या कशासाठी? एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवावे म्हणून. दोन्ही डोंगल एकाच माणसाच्या खणात असतील तर लक्ष कोण ठेवणार? एका तालुक्याच्या गावी मी एका दुकानात असा खण पाहिला आहे. सात-आठ डोंगल, प्रत्येकाला चिकटपट्टी, पट्टीवर गावाचे नाव आणि खाली पिन. निम्म्याहून जास्त सरपंच बायका होत्या. दुकानदार काही वाईट माणूस नव्हता. ‘बायांना सारखे यायला जमत नाही, म्हणून ठेवतो,’ म्हणाला. सोय म्हणून सुरू झालेले हे होते. पण त्या दुकानाच्या कॉम्प्युटरवर एखादा नको तो प्रोग्रॅम बसलेला असता तर आठ गावांच्या सह्या आणि पिन एकदम उघड्या पडल्या असत्या.

कायदा काय म्हणतो ते ऐका. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, कलम ४२. डिजिटल सहीची किल्ली स्वतःच्या ताब्यात ठेवण्याची वाजवी काळजी सहीच्या मालकाने घ्यायची आहे. ती दुसऱ्याच्या हाती गेल्याचे कळले तर सर्टिफिकेट देणाऱ्याला विनाविलंब कळवायचे आहे, आणि कळवेपर्यंत जबाबदारी मालकाचीच. म्हणजे उद्या न झालेल्या गटाराचे बिल निघाले तर चौकशीची नोटीस बाईच्या नावाने येईल, दुकानदाराच्या नाही. ‘मला माहीत नव्हते, ते हे बघतात’ हे उत्तर चालणार नाही. दुसरी बाजूही आहे. कलम ६६ क प्रमाणे दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड लबाडीने वापरणे हा गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. हे कलम नवऱ्याला, दिराला आणि गावच्या पुढाऱ्यालाही लागू आहे.

तर आपण काय करायचे? मी ठरावांसारखे सांगते, तुम्ही चर्चा करून घाला-काढा.

एक. डोंगल आपल्या घरी, आपल्या कपाटात. पिन आपण बदलायचा आणि कोठेही लिहून ठेवायचा नाही. सही करताना पडद्यावर रक्कम आणि नाव वाचायचे. वाचता येत नसेल तर आपल्या विश्वासाच्या बाईला शेजारी बसवायचे, तो आपला हक्क आहे.

दोन. कोणतीही फाइल आली की, ती ताईंकडून आलेली असली तरी, फोन करून विचारायचे, ‘तुम्ही पाठवली का?’ यात अविश्वास नाही. संघटनेत हा रिवाजच पाडू.

तीन. कॉम्प्युटरमध्ये फाइलीचे पूर्ण नाव दिसेल अशी सोय करून घ्यायची. रोजच्या कामाला साधे खाते वापरायचे. नवा प्रोग्रॅम टाकायच्या खात्याचा पासवर्ड दोघींकडेच ठेवायचा. फोनमध्ये एपीके टाकायचेच नाही.

चार. चोरीचे सॉफ्टवेअर बंद. लिबर ऑफिस आणि फायरफॉक्स फुकट मिळतात. विंडोजमध्ये मराठी कळफलक आधीच असतो, तो फक्त चालू करावा लागतो.

पाच. पीडित बायकांची कागदपत्रे केंद्राच्या किंवा दुकानाच्या कॉम्प्युटरवर उघडायची नाहीत. त्यांच्यासाठी वेगळा पेनड्राइव्ह, जो दुसरीकडे लावायचा नाही.

सहा. तीन महिन्यांतून एकदा विश्वासूंची यादी तपासायची. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये सुरक्षिततेच्या भागात ‘ट्रस्टेड क्रेडेन्शिअल्स’ असते. त्यातला ‘युजर’ हा भाग बहुधा रिकामा असायला हवा. नाव दिसले तर ते कोणी, कशासाठी बसवले हे विचारायचे. विंडोजमध्येही अशी यादी आहे. तिथले नाव कळले नाही तर लगेच पुसू नका, लिहून घ्या आणि जाणकार बाईला दाखवा. ‘हे पान सुरक्षित नाही’ अशी सूचना आली तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नका. ती सूचना म्हणजे दाखला न पटलेला कारकून आहे, त्याचे ऐका.

सात. संशय आला तर नेट तोडा, काहीही पुसू नका, तारीख आणि वेळ लिहा, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर फोन करा. डोंगलची शंका असेल तर सर्टिफिकेट देणाऱ्याला लेखी कळवा आणि ते रद्द करून घ्या.

शेवटी एक गोष्ट. केंद्रांवर काम करणाऱ्यांत आपल्याच मुली पुष्कळ आहेत. दहावी-बारावी झालेली मुलगी तुटपुंज्या पैशांत सगळ्या गावाचे अर्ज भरते. कोणाचा डोंगल, कोणाचा पिन तिच्याकडे राहिला तर उद्या चौकशीत तीही अडकेल. तिला वगळून हे काम होणार नाही, आणि तिला दोष देऊनही होणार नाही. तिला पुढच्या बैठकीला बोलवा. जुन्नर-आंबेगावातल्या अशा मुली एकत्र बसल्या तर दोन्ही तालुक्यांतल्या निम्म्या कॉम्प्युटरांची खरी स्थिती आपल्याला एका दुपारी कळेल.

आता तुमचे प्रश्न घेऊ. आणि ज्या सरपंच भगिनींचे डोंगल आत्ता त्यांच्याजवळ नाही, त्यांनी ते कोणाकडे आहे एवढे लिहून काढावे. परतीच्या एसटीआधी आपण दोघी-दोघींनी जाऊन ते घेऊन येऊ.